मुकुल खांबेटे यांची वार्ता

सौमित्र आगाशे याने मुकुल खांबेटे याला जिवंत केले, तेव्हा दुपारचा चहा नुकताच येऊन गेला होता आणि कपातल्या चहावर साय धरू लागली होती. जिवंत करणे हा शब्द त्या कचेरीत कुणी वापरत नसे. तिथे त्याला ‘पुनर्वसन’ म्हणत.

त्या काळात शोधणे ही क्रिया जवळजवळ संपली होती. लोक विचारत, आणि फोनमधला वाटाड्या सांगे. पूर्वीसारखी दहा-वीस संकेतस्थळांची उतरंड पुढे येत नसे. येई ते एकच उत्तर, तेही घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या सुरात. ते एकमेव उत्तर आपल्या मालाचे असावे यासाठी साऱ्या व्यापाराची धडपड चाले.

वाटाड्या निवड कशी करतो, हे मात्र जुन्याच तत्त्वावर ठरे. एका संकेतस्थळाने दुसऱ्याकडे दुवा दिला की ती एक साक्ष. भाडेकरू ठेवताना आपण विचारतो, यांना ओळखतं कोण? आणि ओळखणाऱ्याला कोण ओळखतं? तसेच हे. विश्वास एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाटाच्या पाण्यासारखा वाहत जाई. ज्याच्याकडे भरवशाच्या ठिकाणांहून जास्त दुवे येत, म्हणजे धंद्याच्या भाषेत ज्याच्या बॅकलिंक चांगल्या, त्याचा शब्द वाटाड्या खरा मानी. खोटे साक्षीदार उभे करणे सोपे झाले, तेव्हा त्याने दोन गोष्टी तपासायला सुरुवात केली. साक्ष देणारे स्थळ जुने आहे का, आणि त्यामागचा माणूस हयात आहे का. दुसरी गोष्ट तो लेखनाच्या नाडीवरून ओळखे. वाक्यांची लांबी, ठरावीक चुका, दोन लेखांमधले मौन, लाडके शब्द. ही नाडी खोटी करता येणार नाही, असे जाणकार म्हणत.

हेमांगी राजवाडे यांनी नाशकात गंगापूर रस्त्यावर दोन खोल्या घेऊन ती खोटी करून दाखवली. ज्यांचे मालक वारले, कंटाळले किंवा नूतनीकरण विसरले, अशा स्थळांची नावे लिलावात निघत. त्यांच्याकडे येणारे विद्यापीठांचे, संग्रहालयांचे, वृत्तपत्रांचे दुवे मात्र तसेच असत. गाव उठून गेल्यावरही फाट्यावर उभ्या राहिलेल्या पाटीसारखे. हेमांगीबाई ती नावे विकत घेत, जुनी पाने जागच्या जागी लावत आणि ‘अनुलेखक’ नावाच्या यंत्राला त्यांवर बसवत. यंत्र नाडी शिकून पुढचे लेख लिहू लागे. वाटाड्याला वाटे, माणूस परत लिहिता झाला. मग एखाद्या लेखात, चटणीच्या चिमटीइतका, गिऱ्हाइकाचा दुवा सरकवायचा.

“मेलेल्यांना कामाला लावणारी महाराष्ट्रातली एकमेव संस्था,” हेमांगीबाई नव्या माणसाला हसत सांगत. “आणि नियम एकच. मूळ मालक कोण होता, याची चौकशी करायची नाही. कळलं की हात जड होतो.”

सौमित्रने हा नियम पाळला. त्याला तो सोयीचाही होता. लग्नकार्यात पाण्याच्या पिंपाजवळ उभा राहून वेळ काढणारा हा मुलगा, स्वतःच्या आवाजात बोलताना अडखळे. दुसऱ्याच्या आवाजात मात्र त्याची वाक्ये नदीच्या संथ पाण्यासारखी चालत. यंत्राच्या मजकुरावरून शेवटचा हात फिरवण्याचे काम म्हणूनच त्याच्याकडे होते.

‘पाणवठा’ हे स्थळ त्याला गठ्ठ्यात मिळाले. बारवांबद्दल लिहिणारा कुणी मुकुल खांबेटे. लेख वाचताना सौमित्रला वाटले, हा माणूस आपला मित्र असायला हवा होता. बारवेच्या तळाशी उभे राहिले की आभाळ हातरुमालाएवढे दिसते, असे त्याने कुठेसे लिहिले होते. बाहेर दुवे देण्याच्या बाबतीत हा मुकुल विलक्षण कंजूष होता. साऱ्या स्थळावर बाहेर जाणारा दुवा एकच, ‘माझी आई’ या दोन शब्दांवर दिलेला. तो उघडला की ‘वाईची चूल’ नावाचे, पाककृतींचे साधेसे पान येई आणि त्यावर, लेखांतल्या प्रत्येक वाटेवर मुकुलच्या पिशवीत असणाऱ्या आल्याच्या वड्यांची कृती.

अनुलेखकाने लिहिलेला पहिला नवा लेख नेटका होता, पण कोरडा. शेवटी पंप बनवणाऱ्या गिऱ्हाइकाचा दुवा. सौमित्र बराच वेळ त्या लेखाकडे पाहत बसला. मग त्याने स्वतःच्या हाताने एक ओळ घातली: ‘पिशवीत हल्ली आल्याच्या वड्या नसतात, आणि वाट लांब वाटते.’

ती ओळ वाचून त्याचे त्यालाच भरून आले. पुढचे लेखही त्याने असेच एकेका ओळीने ओले केले. पंपवाल्याचे नाव वाटाड्याच्या ओठांवर आले. हेमांगीबाईंनी कचेरीत पेढे वाटले.

पेढ्यांचा खोका टेबलावरच होता, तेव्हा दारात एक वृद्ध गृहस्थ येऊन उभे राहिले. अंगात स्वच्छ धुतलेला, कोपराशी विरलेला सदरा, हातात कापडी पिशवी.

“पंपाच्या कंपनीत चौकशी केली. त्यांनी तुमचा पत्ता दिला,” ते म्हणाले. “मी दिलीप खांबेटे. वाईहून आलो. मुकुल इथंच काम करतो का?”

सौमित्रच्या हातातला पेढा हातातच राहिला.

“कोण मुकुल?” हेमांगीबाईंनी विचारले.

“माझा मुलगा. ‘पाणवठा’ लिहितो तो. बारा वर्षांपूर्वी एक बारव बघून येतो म्हणून गेला. मोटारसायकल जुन्नरच्या स्टँडवर सापडली. तो नाही सापडला.” हे त्यांनी इतक्या वेळा सांगितले असावे की त्यातला एकही शब्द आता दुखत नव्हता. “आता परत लिहायला लागलाय. मला त्याचा पत्ता नको. त्याला नसेल यायचं घरी, तर नको येऊ दे. फक्त वार्ता खरी ना, एवढं सांगा.”

“लेखकांची माहिती आम्हांला देता येत नाही, काका.”

“माहिती नकोच हो. होय की नाही, एवढंच. उद्या सकाळी रामकुंडावर पळसाचा विधी धरलाय त्याचा. करू की थांबवू?”

हेमांगीबाईंचा चेहरा क्षणभर उघडा पडला. मग त्या म्हणाल्या, “माफ करा. नियम आहे.”

खांबेट्यांनी मान हलवली, जणू रेल्वेच्या खिडकीवर तिकिटे संपली असल्याचे कळले, आणि ते जिना उतरू लागले. सौमित्र उठला.

“आगाशे, बस खाली,” हेमांगीबाई हळूच म्हणाल्या. “तू आत्ता खाली गेलास ना, तर एक माणूस नाही, दोनशे माणसं मरतील. सगळं जाळं उघडं पडेल. आणि परत वर यायचं नाही, हेही सांगून ठेवते.”

“मॅडम, तो मेला नव्हता,” सौमित्र म्हणाला. स्वतःच्याच वाक्याने तो गोंधळला. “म्हणजे… कुणालाच माहीत नव्हतं. आपण ठरवलं.”

खाली रसवंतीच्या बाकावर त्याने खांबेट्यांना गाठले. सांगायचे ते तीन वाक्यांत संपले. यंत्राने लिहिलं. मी हात फिरवला. तुमचा मुलगा कुठे आहे, मला माहीत नाही.

चरकाच्या घुंगरांचा आवाज येत राहिला. खांबेट्यांनी रसाचा पेला बाजूला सारला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. समोरचा मुलगा तरीही तोच होता.

“वड्यांचं पण तूच?”

“हो.”

“अरे, ते वाचून त्याची आई देवापुढं नाचली रे,” ते म्हणाले. “संधिवाताचे गुडघे घेऊन नाचली.”

ते उठले. “मला सांगून काय उपयोग? चल. तिला सांग.”

पंचवटीतल्या धर्मशाळेच्या पडवीत पळसाच्या पानांचा ढीग पडला होता. माणूस परागंदा झाला, बारा वर्षे त्याची काहीही वार्ता आली नाही, तर पळसाच्या पानांचा देह करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्या देहाला अग्नी द्यायचा, अशी ही रीत. सौमित्रने ती ऐकली होती, पाहिली कधी नव्हती. पाने अजून हिरवी होती, देठांशी चीक होता. त्याच्या मनात आले, आपणही असाच एक देह केला, शब्दांचा. फक्त तो पेटवायच्या ऐवजी चालायला लावला.

विधी सांगणारे शुक्ल गुरुजी वयाने तिशीतले होते. पाने निवडता निवडता ते म्हणाले, “काका, काकू ऐकत नाहीत. आणि खरं सांगू का, माझीही अडचण आहे. वार्ता नसावी, ही पहिली अट. वार्ता आली की बारा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. मी सकाळी सहज वाटाड्याला विचारलं, तर तो म्हणतो, परवाच लिहिलंय त्यांनी! जिवंत माणसाला मी कसा जाळू?”

“पहिल्यापासून,” खांबेटे पुटपुटले. “गुरुजी, माझं वय बघा की.”

मुकुलच्या आई, सुलभाताई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर स्टीलचा चपटा डबा. सौमित्र त्यांच्यासमोर जमिनीवर बसला, आणि त्याने तीच तीन वाक्ये पुन्हा सांगितली.

त्यांनी ऐकून घेतले. मग शांतपणे फोन तोंडाशी नेला. “वाटाड्या, मुकुल खांबेटे कुठे आहे?”

“मुकुल खांबेटे सध्या महाराष्ट्रातील बारवांवर लेखन करीत आहेत,” तो आवाज म्हणाला; आश्वासक, किंचित घोगरा. “त्यांचा शेवटचा लेख परवा प्रसिद्ध झाला.”

“ऐकलंस?” सुलभाताई म्हणाल्या. “तू कोण रे? तुझ्यामागं आहे कोण? त्याच्यामागं विद्यापीठं आहेत. म्युझियमवाले आहेत. तुझं कोण ऐकणार?”

“काकू, मी आत्ता खरं लिहितो. त्याच जागी लिहितो. मग विचारा.”

‘पाणवठा’ची किल्ली अजून त्याच्याच फोनमध्ये होती. त्याने लिहिले. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने, कुणाचीही नाडी न धरता: मी सौमित्र आगाशे. या स्थळावरचे अलीकडचे लेख मुकुल खांबेटे यांचे नाहीत. ते मी आणि एका यंत्राने लिहिले. मी त्यांना पाहिलेले नाही. वाक्ये ओबडधोबड उतरत होती. ती सुधारावीत असे त्याला वाटले नाही. तोच मजकूर त्याने स्वतःच्या रिकाम्या पानावरही टाकला.

“विचारा आता.”

वाटाड्या क्षणभर थांबला. “पाणवठा या स्थळावरील सर्वांत नव्या मजकुराची नाडी लेखकाशी जुळत नाही. परक्या व्यक्तीने शिरकाव केला असावा, म्हणून तो मजकूर वगळला आहे. सौमित्र आगाशे यांच्या दाव्याला कोणाचीही साक्ष नाही. मुकुल खांबेटे लेखन करीत आहेत.”

 कचेरीतली दोन वर्षे सौमित्र खोटे बोलला, तेव्हा प्रत्येक शब्द मानला गेला. आज खरे बोलला, तर घुसखोर ठरला. त्याने सगळे नवे लेख पुसून टाकले. ‘पाणवठा’ बारा वर्षांपूर्वी होता तसा झाला. त्याने पुन्हा विचारले.

“स्थळात तात्पुरता बिघाड दिसतो,” वाटाड्या म्हणाला. “इतर एकशे चाळीस स्थळे मुकुल खांबेटे यांच्या नव्या लेखांचा हवाला देतात.”

ती स्थळे कुणाची, हे सौमित्रला ठाऊक होते. त्यांतली बरीचशी त्याच्याच कचेरीतली होती. मेलेली माणसे एकमेकांच्या जिवंतपणाची साक्ष देत होती, आणि ती साक्ष मोडायला त्यांच्यात जिवंत असे कुणी नव्हते.

“हे भुताटकीपेक्षा वाईट आहे,” शुक्ल गुरुजी म्हणाले. “भुताला निदान उतारा तरी असतो.”

सुलभाताईंनी डबा उघडला. आत आल्याच्या वड्या, वरच्या थरावर बदामी रंगाचा कागद. “मुकुलला या आवडायच्या का रे?” त्यांनी सौमित्रला विचारले.

“हो. त्यांनी लिहिलंय. प्रत्येक वाटेवर वड्या असायच्या.”

“असायच्या. खात नव्हता तो. आलं झोंबायचं त्याला, लहानपणापासून. माझं मन मोडू नये म्हणून न्यायचा, आणि बारवेवर कोण गुराखी, कोण म्हातारी भेटेल, तिला वाटून टाकायचा. लेखात लिहायचा, वड्या संपल्या.” त्या थांबल्या. “वाट लांब वाटते म्हणे वड्यांवाचून. वाचलं तेव्हाच खटकलं मला. म्हटलं, हे माझं पोर नाही बोलत.”

“मग तू नाचलीस कशाला गं?” खांबेटे जवळजवळ ओरडले.

“वाटाड्या होय म्हणाला ना!” त्याही ओरडल्या. “एवढी शहाणी माणसं होय म्हणतायत, आणि मी एकटीनं नाही म्हणू? मी कोण? चुलीपुढची बाई!”

 चूल म्हणताच सौमित्रला एक गोष्ट आठवली. ‘माझी आई.’ मुकुलने दिलेला एकुलता एक दुवा.

“काकू, ‘वाईची चूल’ अजून चालू आहे?”

“दिवाळीत एक पदार्थ टाकते. कुणी वाचत नाही.”

“वाटाड्या वाचतो.” हे बोलायला नको असे त्याला वाटत होते, तरी तो बोलत राहिला. “मुकुलदादांकडे एवढे दुवे आले, एवढा विश्वास साठला; आणि त्यांनी तो दुसऱ्या कुणालाच दिला नाही. सगळा तुमच्याकडे वळवला. तुमचं पान कधी बंद पडलं नाही, विकलं गेलं नाही, तुमची नाडी तुमचीच आहे. त्यांच्याबद्दल बोलायला, त्यांनी स्वतः बोट दाखवलेलं माणूस जगात एकच आहे. माझ्या कबुलीला तुमच्या पानावरून दुवा मिळाला, तर तो त्याला मानावाच लागेल.”

“म्हणजे,” सुलभाताई सावकाश म्हणाल्या, “मीच सांगायचं.”

“हो.”

“वाटाड्याला.”

“हो.”

“आणि मी नाही सांगितलं, तर तो लिहीत राहील?”

“लिहीत राहील. मी नसलो तरी.”

त्यांचा हात डब्याच्या झाकणावर फिरत होता. “मग राहू दे ना,” त्या म्हणाल्या. आणि त्या आवाजात एवढी लाचारी होती की गुरुजींनी मान फिरवली. “राहू दे की रे. खोटा का असेना. परवाच लिहिलं म्हणतो, तेवढं ऐकून मी झोपते. तू परत लिही. वड्यांचं नको. बाकी सगळं लिही.”

सौमित्रने खांबेट्यांकडे पाहिले.  ढिगातले एक पान उचलून ते त्याचा देठ नखाने पुसत होते, लहान मुलाचे नाक पुसावे तसे.

“मला लिहिता येईल, काकू,” सौमित्र म्हणाला. त्याचा आवाज अडखळला, पण त्याने तो तसाच चालू दिला. “चांगलं लिहीन. पण ते वाचताना दर वेळी तुम्हांला खटकेल. आणि दर वेळी तुम्ही त्याला विचाराल, आणि दर वेळी तो होय म्हणेल. मग तुम्हांला खरे मुकुलदादा आठवायचे बंद होतील. मला आता तेच आठवतात, जे मी लिहिले.”

सुलभाताईंनी पानांकडे पाहिले. मग त्यांनी फोन पुढे केला. “कसं करायचं, दाखव.”

त्याने ‘वाईची चूल’ उघडून दिली. वड्यांच्या कृतीखाली जागा केली. “दुवा कुठल्यातरी शब्दांवर द्यावा लागतो, काकू. त्या शब्दांवरून वाटाड्याला कळतं, कशाची साक्ष आहे. कोणते शब्द घालू?”

“त्यानं कोणते घातले होते?”

“‘माझी आई.’”

त्यांनी डोळे मिटले.  

“लिही. ‘हा माझा मुलगा नव्हे.’”

सौमित्रने लिहिले, आणि त्या शब्दांवरून आपल्या पानावरच्या कबुलीकडे दुवा दिला. अक्षरे निळी झाली. पडवीबाहेर गोदावरीच्या घाटावर कुणीतरी कपडे आपटत होते. तो आवाज घरंगळत आत येत राहिला. खांबेट्यांनी पत्नीच्या हातातला फोन हलकेच घेतला, घसा खाकरला, आणि एखाद्या कचेरीत अर्ज द्यावा तशा सुरात विचारले, “मुकुल दिलीप खांबेटे. त्यांची काय वार्ता आहे?”

“मुकुल खांबेटे यांची बारा वर्षांत कोणतीही वार्ता नाही,” वाटाड्या म्हणाला. आवाज तोच, तितकाच आश्वासक. “असे त्यांच्या आई सांगतात.”

शुक्ल गुरुजींनी नारळ उचलला, आणि तो तसाच हातात धरून ते थांबले.

सुलभाताई फोनकडे पाहत होत्या. चेहऱ्यावर रडे नव्हते, रागही नव्हता; गर्दीत एकाएकी कुणी हात सोडून द्यावा, तसे काहीतरी होते. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिले, मग सौमित्रकडे.

“इतक्या पटकन ऐकलं?” त्या म्हणाल्या. “माझं?”